बारमाही फुलझाडे मिळतील

रविवार, होळीच्या आधीचा, सन १९५७. ठिकाण मुलुंड, आमच्या नर्सरीपासून दोन गल्ल्या पलीकडची नवी सोसायटी, चिटणिसांचं घर, तळमजला.

हजर: सोसायटीचे चेअरमन वैद्यसाहेब, सरकारी नोकरीतून निवृत्त, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलेले. चिटणीस विनायकराव कर्णिक, इतिवृत्त लिहायला. सभासद परब, भांडुपच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारे, स्वतः आत आणि नजर बाहेर सायकलीवर. चिटणिसांच्या पत्नी लीलाबाई, मताचा अधिकार नाही म्हणून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. माझे सासरे, मराठीचे निवृत्त शिक्षक, यांना भाषेसाठी बोलावलेलं. आणि मी, झाड विकल्याबद्दल.

सभेपुढे विषय एकच होता. लीलाबाईंच्या खिडकीखाली जमिनीचा जो पट्टा आहे, त्यात झाड आहे की नाही.

हा प्रश्न बाहेर जाऊन बघण्याने सुटेल असं वाटतं. सगळे बाहेर जाऊन बघून आले होते. त्यानंतरच सभा बोलवावी लागली.

आता आधी धंदा सांगते, कारण या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला पहिल्या भेटीत "नर्सरी म्हणजे लहान मुलांची ना?" असं विचारलं होतं. नर्सरी म्हणजे रोपं तयार करून विकण्याची जागा. आमची मुलुंडला, घरामागच्या प्लॉटवर आहे. यजमान फोर्टात नोकरीला जातात, झाडं मी बघते. हे माझ्याकडे माहेराहून आलं. वडील एका बंगल्याच्या बागेवर देखरेखीला होते आणि आम्हा भावंडांना खेळायला फुटक्या कुंड्या होत्या. मामंजींचा नर्सरीशी संबंध फक्त मराठीपुरता. कुंडीवरच्या चिठ्ठीत किंवा दारावरच्या बोर्डात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर ते जेवत नाहीत असं नाही, पण जेवताना बोलतात.

फुलझाडं ढोबळमानाने तीन तऱ्हेची. एक हंगामी: बी पेरायचं, फुलं घ्यायची, उपटून टाकायचं. तेरडा, झेंडू. दुसरी मोठी: चाफा, पारिजातक. त्यांना जागा लागते आणि उपनगरातही जागा आता विचारून द्यावी लागते. तिसरी या दोहोंच्या मधली. एकदा लावली की वर्षानुवर्षं राहतात. वर पाला कधी असतो, कधी नसतो, पण मातीत गड्डा नाहीतर मूळ जिवंत असतं आणि आपली वेळ आली की ते पुन्हा वर येतं. कर्दळ, निशिगंध, गुलबक्षी, शेवंती या त्यातल्याच. इंग्रजी कॅटलॉगात या तिसऱ्या जातीला एक शब्द आहे. नर्सरी काढली तेव्हा बोर्डासाठी आम्हाला मराठी शब्द हवा होता. मामंजींनी आरामखुर्चीत बसून विचार केला आणि शब्द दिला, बारमाही. पेंटरने पांढऱ्या पत्र्यावर हिरव्या ऑइलपेंटने लिहिलं, "येथे बारमाही फुलझाडे मिळतील".

मी म्हटलं, "मामंजी, लोकांना वाटेल बारा महिने फुलं येतात."

"लोकांना मराठी येतं," मामंजी म्हणाले.

हा त्यांचा अंदाज होता.

पहिल्याच वर्षी एक गृहस्थ गुलबक्षीचं रोप कुंडीसकट परत घेऊन आले. म्हणाले, फुलत नाही.

"कळ्या आहेत की," मी म्हटलं.

"कळ्याच आहेत. सकाळी निघताना बघतो तर मिटलेल्या. रविवारी मुद्दाम खुर्ची टाकून बसलो समोर. मिटलेल्याच."

"कधीपर्यंत बसलात?"

"दुपारचा चहा येईपर्यंत."

"आणि रोज संध्याकाळी?"

"संध्याकाळी मी पत्ते खेळायला जातो."

गुलबक्षी दक्षिण अमेरिकेतून आली आहे. उन्हं उतरली की उमलते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की मिटते. ऑफिसात जाणाऱ्या माणसाला यापेक्षा सोयीचं झाड नाही. एक संध्याकाळ पत्ते चुकवा असं मी त्यांना सांगितलं. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले. फुलतं हे त्यांना मान्य होतं. पण तक्रार मागे घेतलेली नव्हती. "बोर्डावर बारमाही लिहिलंय तुम्ही. हे तर धड बारा तासही नाही."

"बारमाहीत महिने असतात, तास नसतात," मामंजी आतून म्हणाले. गृहस्थांनी यावर विचार केला आणि कुंडी घेऊन गेले.

खरोखर बारा महिने फुलणारं झाड आमच्याकडे एकच आहे, सदाफुली. ती मूळची मादागास्करची. तिला ऊन चालतं, खडकाळ माती चालते, विसरलं तरी चालतं. म्हणून ती कोणी विकत घेत नाही. एका बाईंना मी ती हौसेने दाखवली तर म्हणाल्या, "ही तर आमच्या मोरीच्या तोंडाशी आहे. काहीतरी झकास दाखवा ना." त्यांना मी शेवंती दिली. शेवंतीला पाणी जास्त झालं तरी ती मरते आणि कमी झालं तरी मरते. बाई खूश होत्या.

झाडांचं मूळ गाव सांगितलेलं गिऱ्हाइकाला आवडतं, घरच्यांना आवडतंच असं नाही. निशिगंध मेक्सिकोचा आहे हे मी मामंजींना सांगितलं तेव्हा त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"नाव संस्कृत आहे," ते म्हणाले.

"नाव इथे आल्यावर मिळालं."

"मग इथलाच झाला. तुझंही नाव लग्नानंतरचंच आहे."

शेवंती चीनची आहे हे मी त्या दिवशी सांगितलं नाही.

लीलाबाई आल्या त्या मात्र बोर्ड वाचून आल्या नव्हत्या. सोसायटीत सामान उतरवून आठवडा झाला नसेल. फाटकातून आत येऊन त्यांनी कुठल्याही कुंडीकडे बघितलं नाही. सरळ विचारलं, "भुईतून नुसतं फूल येतं, पान नाही, काही नाही, ते आहे का हो तुमच्याकडे?"

भुईचंपा मागणारं गिऱ्हाईक मला क्वचित भेटतं. बहुतेकांना त्याचं नाव ऐकून चाफ्याचं बुटकं झाड वाटतं. चाफ्याशी त्याचं काही नातं नाही, ते हळदीच्या कुळातलं आहे. मूळ आपल्याच बाजूचं, हिंदुस्थानापासून पूर्वेकडे पसरलेलं. पावसाळाभर हळदीसारखी पानं, वरून रुपेरी नक्षी, खालून जांभळी. दिवाळीनंतर पानं पिवळी पडून पार नाहीशी होतात आणि चार-पाच महिने जमीन कोरी. मग चैत्र-वैशाखात, उकाडा वाढला की, त्या कोऱ्या जमिनीतून दांडा नाही, पान नाही, असं थेट फूल. पांढरं, एक पाकळी जांभळी, वास गोड. सकाळी उमलतं आणि दुपारी मान टाकतं. दुसऱ्या दिवशी शेजारी दुसरं येतं.

मी हे सगळं सांगायला लागले तर लीलाबाईंनी थांबवलं. "ठाऊक आहे मला. आजोळी रेवदंड्याला होतं अंगणात. आजी सारवायच्या आधी हाताने चाचपून बघायची, आज कुठून येणार आहे ते."

त्यानंतर त्या गिरगावात चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर नांदल्या. तिथे त्यांची शेती म्हणजे गॅलरीत रॉकेलच्या डब्यातली तुळस. सोसायटीत बाकी सगळ्यांनी उंदीर, डास आणि चोर यांची नावं घेऊन तळमजला नाकारला. लीलाबाईंनी तो मागून घेतला, खिडकीखालच्या पट्ट्यासाठी. पट्टा दोन खाटा मावतील एवढा.

पण पट्टा सोसायटीच्या मालकीचा. शिवाय तो परबांनाही हवा होता, सिमेंट करून सायकल स्टँडला. तेव्हा लीलाबाईंनी रीतसर अर्ज केला. अर्ज त्यांच्या यजमानांनीच लिहिला, आणि चिटणीस या नात्याने समितीपुढे ठेवताना खाली शेरा मारला, "चिटणिसांचा या अर्जाशी संबंध नाही". समितीने एक वर्ष दिलं. अट घातली की तिथे "बारमाही फुलझाडे" असावीत. हा शब्द वैद्यसाहेबांनी आमच्या बोर्डावरून उचलला. फिरायला जाताना त्यांना तो रोज दिसायचा. वर्षाअखेर अट पाळली गेली नसेल तर पट्टा सायकल स्टँडला. सिमेंटची पोती जिन्याखाली येऊनही पडली.

मी लीलाबाईंना म्हटलं होतं, कडेने थोडी कर्दळ लावा, वर काहीतरी दिसत राहील. त्या म्हणाल्या, "गर्दी नको. तो एकटाच येतो."

पावसाळाभर सगळं ठीक होतं. वैद्यसाहेब येता-जाता पानांची स्तुती करायचे. त्यांना ती हळद वाटत होती. दिवाळीनंतर पानं गेली. थंडीत पट्टा कोरा झाला आणि परब सायकल तिथे टेकवून ठेवू लागले. लीलाबाई खिडकीतून म्हणाल्या, "परब, तिथे झाड आहे."

"खंय?"

"खाली."

"वैनी, झाड खाली, सायकल वर. मगे भांडण कसलां?"

म्हणून सभा. वैद्यसाहेबांनी सुरुवात अर्थापासून केली. "मास्तर, बारमाही म्हणजे काय?"

"बारा महिने असणारं," मामंजी म्हणाले.

"असणारं की फुलणारं?"

"असणारं. बारमाही नदी म्हणतो आपण. तिला काय बारा महिने पूर असतो? पाणी असतं."

मला वाटलं, संपलं. वैद्यसाहेबांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी घड्याळाकडे हात नेला. तेवढ्यात परब म्हणाले, "मास्तर, नदीत पाणी दिसतां तरी. हय काय दिसतां?"

मामंजींनी चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावर म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे." हे त्यांनी वर्गातही फार जणांना म्हटलं नसणार.

"अहो," लीलाबाई दारातून म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत पाला होता हेही लिहा."

"मुद्दा अध्यक्षांमार्फत यावा," विनायकराव मान वर न करता म्हणाले.

"मग चहाही अध्यक्षांमार्फतच मागा."

वैद्यसाहेबांनी मुद्दा मान्य केला, चहा आला. मग त्यांनी मला विचारलं, की खणून गड्डा दाखवता येईल का. मी सांगितलं, या दिवसांत कळी मातीच्या लगेच खाली असते. खणलं तर गड्डा दिसेल, पण फूल येणार नाही.

"म्हणजे पुरावा दाखवला की नष्ट होतो."

"हो."

"सोयीचं आहे."

"झाडाच्या नाही," मी म्हटलं.

वैद्यसाहेबांनी पाडव्यापर्यंत मुदत दिली. मी अक्षय्य तृतीयेपर्यंत मागितली, कारण झाड पंचांग बघत नाही, उकाडा बघतं. परबांनी हरकत घेतली नाही. ते म्हणाले, "माझां फुलांशी काय वैर नाय. सायकल पावसात भिजता, एवढांच." त्या दिवशी संध्याकाळी फूल दिसलं तर पट्टा लीलाबाईंचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सिमेंट, असं ठरलं. शेवटी वैद्यसाहेब उठता उठता म्हणाले, होळीची नोटीस काढा. विनायकरावांनी लगेच काढली. "होळी सोसायटीच्या मोकळ्या जागेत पेटवावी." कोणालाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

सोसायटीच्या समोर फरशी आहे, मागे टाकी आहे, बाजूला इमारतीचे उरलेले दगड पडलेले होते. मोकळी म्हणावी अशी जागा एकच होती.

होळीला लीलाबाई पुरणपोळ्यांसाठी भावाकडे पार्ल्याला गेल्या होत्या. इकडे पट्ट्याच्या बरोबर मधोमध खड्डा झाला, एरंडाची फांदी रोवली गेली, भोवती गोवऱ्या आणि बांधकामातली उरलेली सेंटरिंगची लाकडं रचली गेली. विनायकराव नारळ घेऊन घरातून बाहेर आले तेव्हा होळी पेटलेली होती. त्यांनी नारळ टाकला. नंतर लीलाबाईंनी त्यांना एवढंच विचारलं, "नारळ टाकताना तरी दिसलं नाही?"

"धूर होता," विनायकराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लीलाबाई नर्सरीत आल्या. धुळवडीचा दिवस, सगळ्या रस्त्यावर रंग, आणि त्या एकट्या कोरड्या. "शांताबाई, वाट लागली," म्हणाल्या. त्यांच्या तोंडी हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

मी खुरपं घेऊन गेले. मधे राखेचं मोठं वर्तुळ. तिथे उकरायला हरकत नव्हती, कारण राखायला काही उरलं नसणार. हाताला लागले ते गड्डे भाजलेल्या रताळ्यासारखे होते. ओल्या हळदीसारखा वास येत होता. कडेला मी हात लावला नाही.

"मधलं गेलं," मी सांगितलं. "कडेचं सांगता येत नाही. राख तशीच असू दे. पाणी घालू नका."

आमच्या धंद्यात "सांगता येत नाही" हे वाक्य फार वापरावं लागतं. गिऱ्हाइकाला ते टाळाटाळीचं वाटतं. मग मी व्यवहाराचं बोलले. अटीत फुलझाडं म्हटलं आहे, भुईचंपाचं नाव कुठेही नाही. माझ्याकडे कर्दळ फुललेली आहे. चार कुंड्या अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी मातीत काठोकाठ गाडल्या तर पट्टा वाचतो. वैद्यसाहेबांना हळद आणि भुईचंपा यातला फरक कळला नव्हता, कुंडी नक्कीच कळणार नव्हती.

लीलाबाई म्हणाल्या, "नको. इतके दिवस मी सगळ्यांना सांगतेय, खाली आहे म्हणून. आता वरून आणून ठेवलं तर मी खोटी."

"पट्टा जाईल."

"जाऊ दे. पण खाली काही नव्हतं म्हणून जाऊ दे. होतं आणि मीच धीर सोडला, असं नको."

मी कर्दळीचं पुन्हा काढलं नाही.

त्यानंतरचा दीड महिना त्या घरात शांततेत गेला. लीलाबाई यजमानांना फक्त "चिटणीस" म्हणत होत्या. चिटणीस, पान वाढलंय. चिटणीस, दूधवाला आलाय. विनायकराव एकदा ऑफिसातून परतताना नर्सरीत शिरले. रुमालाने मान पुसून हळूच म्हणाले, "एखादं उगवलेलं मिळेल का? भुईचंपाचं?"

"नाही. तो आता सगळ्यांचाच जमिनीत आहे."

"तुमच्याकडेही?"

मी त्यांना ओळीने मांडलेल्या कुंड्या दाखवल्या. कोरी माती, वर मामंजींच्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी. विनायकरावांनी वाकून दोन चिठ्ठ्या वाचल्या.

"तुम्ही रिकाम्या कुंड्या विकता," ते म्हणाले.

"हो."

"आणि लोक घेतात?"

"तुमच्या घरचे घेतात."

ते गेले. दुसऱ्या दिवसापासून, लीलाबाईंनीच पुढे सांगितलं, ते सकाळी दात घासत पट्ट्याच्या कडेने फिरू लागले. वाकून, एका हाताने चाचपत. तिथून परबांची सायकल त्यांनी स्वतः उचलून फरशीवर नेऊन ठेवली. परबांनी विचारलं, हे चिटणीस म्हणून की नवरा म्हणून? विनायकराव म्हणाले, तोंडात पेस्ट आहे.

पाडवा गेला. काही नाही. रामनवमी, हनुमान जयंती, काही नाही. उकाडा मात्र वाढत होता.

अक्षय्य तृतीयेला सभा संध्याकाळी पाचला ठेवली होती. भुईचंपा पाचला नसतो हे मी आधीच सांगितलं होतं, पण वैद्यसाहेब सकाळपासून घाटकोपरला मुलीकडे जेवायला जाणार होते आणि त्यांच्याशिवाय सभा होत नाही.

त्या दिवशी उजाडताना परब पहिल्या पाळीसाठी निघाले. सायकल काढली, फाटकापर्यंत गेले आणि परत आले. कर्णिकांच्या खिडकीशी उभं राहून त्यांनी सायकलची घंटी वाजवायला सुरुवात केली, ती खिडकी उघडेपर्यंत थांबवली नाही.

"वैनी," ते म्हणाले, "खाली होतां तां वर इलां."

होळीच्या राखेच्या कडेकडेने फुलं आली होती. मधे काळी जमीन, आणि भोवती, वर्तुळ काढल्यासारखी, पांढरी-जांभळी फुलं. लीलाबाई बाहेर आल्या. विनायकराव बाहेर आले. त्यांनी वाकून एका फुलाजवळची राख बोटाने बाजूला केली. लीलाबाई म्हणाल्या, "अहो, राहू द्या ती. राख चांगली असते." दीड महिन्याने त्यांनी "अहो" म्हटलं होतं.

पाचला वैद्यसाहेब आले. पट्ट्यात शाईने भिजलेल्या चिंध्यांसारखं काहीतरी पडलेलं होतं.

"हे काय?"

"फुलं," लीलाबाई म्हणाल्या. "सकाळी होती."

"आता आहेत का?"

"नाहीत."

"संध्याकाळी दिसली तर असं ठरलं होतं," वैद्यसाहेब म्हणाले. ते खोडसाळपणे म्हणत नव्हते. ठरलं ते ठरलं, असा त्यांचा स्वभाव. "चिटणिसांनी पाहिली असतील, पण ते घरचे. शांताबाईंनी पाहिली असती तरी त्या विकणाऱ्या."

मी पाहिली नव्हती. सकाळी मी नर्सरीत पाणी घालत होते.

"मी पाहिली," परब म्हणाले. ते पाळी संपवून त्याच कपड्यांत आले होते.

"परब, तुम्हाला सायकल स्टँड हवाय ना?"

"हवाय. पण बघितलां तां बघितलां."

"घाईत होतात. नीट बघितलंत?"

"साहेब, मी लेट पोचलो आज."

वैद्यसाहेबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. परबांच्या वेळेवर सोसायटीतली निम्मी घड्याळं लागत होती. त्यांच्या सायकलचा आवाज आला की दूध तापायला ठेवणारी घरं होती.

"किती लेट?"

"कारखान्याचां फाटक बंद झालां होतां. हाफ डे पडलो." परबांनी पट्ट्याकडे बघितलं. "वास येत होतो. मगे उभो रवलंय."

वैद्यसाहेबांनी विनायकरावांना लिहायला सांगितलं. एक, पट्टा लीलाबाईंकडे राहील. दोन, सायकल स्टँड टाकीच्या बाजूला होईल. सिमेंट तिकडे वापरावं. तीन, यापुढे होळी दरवर्षी त्या वर्तुळाच्या आतच पेटवावी, कारण तिथे आता काही उरलेलं नाही आणि जागा आपोआप आखली गेली आहे. चार, नर्सरीने आपल्या बोर्डावरचा "बारमाही" हा शब्द बदलावा, कारण त्यामुळे समितीचा एक रविवार आणि एक सण गेला.

पहिले तीन ठराव ताबडतोब अमलात आले. परबांची सायकल आता पत्र्याखाली असते. होळी वर्तुळात पेटते. भुईचंपा दरवर्षी कडेने येतो, आणि लीलाबाईंच्या सांगण्याप्रमाणे वर्तुळ हळूहळू बाहेरच्या बाजूने जाड होत चाललं आहे. मी ते अजून पाहिलेलं नाही. भुईचंपाची वेळ आणि रोपांना पाणी घालायची वेळ एकच आहे. या धंद्यात असंच असतं. फूल येतं ते दुसऱ्याच्या दारात, आणि आपल्याला ते ऐकून कळतं.

चौथा ठराव मामंजींकडे सोपवला. त्यांनी आधी "बहुवर्षायू" सुचवला. मी तो खडूने पाटीवर लिहून फाटकाशी ठेवून बघितला. पहिल्या बाईंनी विचारलं, हे जेवणाआधी घ्यायचं की नंतर? मग "चिरस्थायी". तो सरकारी वाटतो असं मामंजींनी स्वतःच ठरवलं. "पुनरुद्भवी" ऐकून पेंटरने बोर्डाची लांबी मोजली आणि मान हलवली. शेवटी मामंजी म्हणाले, तू जुना शब्द झाकून ठेव, नवा मी सांगतो. पेंटरने आमच्या घरचा उरलेला पांढरा डिस्टेंपर लावून "बारमाही" झाकला. तो उरलेला उन्हाळा बोर्ड "येथे" आणि "फुलझाडे मिळतील" असा होता, मधे कोरी जागा.

पावसाळ्यात डिस्टेंपर धुऊन गेला. आषाढात हिरवा काना दिसायला लागला, श्रावणात अक्षरं लागली, आणि गणपतीपर्यंत "बारमाही" पूर्वीसारखा स्वच्छ वर आला. पुढच्या उन्हाळ्यात पेंटरने पुन्हा झाकला. पुन्हा वर आला. लीलाबाई बाजाराला जाताना बोर्डाखाली थांबतात आणि आत हाक मारतात, "शांताबाई, आला बघा."

वैद्यसाहेब अजून दर वार्षिक सभेत चौथा ठराव वाचायला लावतात, आणि विनायकराव त्यापुढे "चालू" असं लिहितात.

यंदाही तो वर आलेला आहे. मामंजी आरामखुर्चीत बसून शब्द शोधत आहेत. पेंटरला निरोप द्यायचा राहिला आहे.